रिद्धपूरची विहीर

गाव या शब्दाचा आपल्याला राग आहे आणि तो रास्त आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी गावाची जी संभावना केली ती आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. गाव म्हणजे कोतेपणाचं डबकं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं बिऱ्हाड, असा तिचा मतलब. ज्यांचे आजे गावकुसाबाहेर जन्मले त्यांना हे समजावून द्यावं लागत नाही. पण राग आहे म्हणून गावाचा इतिहास दुसऱ्याच्या हवाली करायचा काय?

अकोल्याच्या अभ्यासवर्गात मी रिद्धपूरचं नाव काढलं तर एक मित्र म्हणाला, "ते महानुभावायचं गाव हाये. आपलं तिथं काय काम? आपला इतिहास महाडापासून." दुसरा म्हणाला, "आता तं तिथं विद्यापीठ निंगालं. मोठ्या लोकायच्या पोरायले नोकऱ्या लागतीन, अजून काय?" दोघांचंही ऐकून घेतलं. वर्गात वाद घालायला वेळ नव्हता, माझी रात्रपाळी होती. म्हणून हे लिहून काढलं.

रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात येतं. भोवताली कपाशी, तूर, संत्र्याचे बगीचे. बाहेरून पाहिलं तर वऱ्हाडातल्या शंभर गावांसारखं एक. जुन्या पोथीत त्याला ऋद्धिपूर म्हटलंय, महानुभाव लोक परमेश्वरपूर म्हणतात, इंग्रजी अमलातल्या कागदांत ते रिथपूर झालं. पण या गावाला लेखी पुरावा आहे. आपल्या बहुतेक गावांचा इतिहास पाटलाच्या तोंडात असतो आणि आपला आपल्या पाठीवर. रिद्धपूरचा तांब्यावर आहे आणि पोथीत आहे.

आधी तांबं.

पाचव्या शतकात वऱ्हाडावर वाकाटकांचं राज्य होतं. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता ही त्यांची राणी. नवरा मेल्यावर पोरं लहान होती म्हणून कारभार तिनंच चालवला. तिचा एक ताम्रपट रिद्धपुरात सापडलेला आहे. इतिहासाची पुस्तकं त्याचं कौतुक करतात ते दोन गोष्टींसाठी: बाई राज्य करत होती, आणि गुप्त-वाकाटकांची सोयरीक त्यातून कळते. ठीक आहे. मी पाहिलं ते दानात काय दिलं ते. अश्वत्थनगर नावाच्या गावातलं एक शेत पाराशर गोत्राच्या ब्राह्मणांना दिलं. शेताबरोबर घर दिलं. आणि कर्षकांची, म्हणजे नांगर धरणाऱ्यांची, चार घरंही दिली. त्या पत्र्यावर राणीचं नाव आहे, तिच्या बापाचं आहे, बापाच्या बापाचं आहे, घेणाऱ्यांचं गोत्र आहे. त्या चार घरांतल्या एकाही माणसाचं नाव नाही. घर दिलं तर घरातला माणूस कुठं गेला? बैलजोडीसारखा तोही शेतासंगं गेला, असाच अर्थ मी लावतो. रामशरण शर्मांसारख्या इतिहासकारांनीही त्या काळच्या दानपत्रांवरून जमिनीबरोबर राबणारे हातही कसे बांधले जात होते ते मांडलं आहे.

दुसरा ताम्रपट अचलपूरजवळच्या चमक गावचा. तो प्रभावतीच्याच मुलाचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा. त्यात चर्मांक नावाचं ८००० भूमी मापाचं गाव १००० ब्राह्मणांना दिलं आहे. हजारांतल्या ४९ जणांची नावं कोरली आहेत. अट अशी की त्यांनी राज्याविरुद्ध उठू नये, चोरी करू नये, ब्रह्महत्या करू नये, लढाई करू नये. म्हणजे राजाचाही घेणाऱ्यांवर फार विश्वास होता असं दिसत नाही! आणि सवलत अशी की या गावाला सगळ्या विष्टीतून माफी. विष्टी म्हणजे वेठ. पंधराशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात वेठ होती याला याहून चोख पुरावा कुठला पाहिजे? राजाची वेठ सुटली, पण गाव ज्यांच्या ताब्यात गेलं त्यांनी राबणाऱ्यांना काय दिलं ते तांब्यावर नाही.

इथं एक बजावून ठेवतो. चर्मांक या नावात चर्म आहे, तवा तिथं आपलेच लोक राहत होते, असं भाषण ठोकणारे आपल्यातही निघतील. तसं करू नका. नावाची फोड करून इतिहास काढणं हे पुराणिकाचं काम. ते कर्षक कोणत्या जातीचे हे तांबं सांगत नाही, म्हणून मीही सांगणार नाही. तांबं सांगतं तेवढं पुरेसं आहे.

आता पोथी.

तेराव्या शतकात, यादवांच्या राज्यात, रिद्धपुरात गोविंदप्रभू नावाचे एक पुरुष राहत होते. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. जवळच्याच काटसुरे गावी ब्राह्मण घरात जन्म. आईबाप लहानपणी गेले, नातेवाइकांनी रिद्धपुरात आणून वाढवलं, बोपो उपाध्यायांकडे शिकायला घातलं. पुढं हा माणूस कुठल्याच चौकटीत राहिला नाही. कुणाच्याही घरात शिरावं, रांधलेलं उचलून खावं, पोरांसंगं खेळावं, देवळातल्या देवाशी थट्टा करावी. गुजरातेतून आलेल्या चक्रधरांनी याच गोविंदप्रभूंना गुरू केलं. इ.स. १२७४ च्या सुमारास चक्रधर निघून गेल्यावर त्यांची मंडळी, नागदेव, महदाइसा, म्हाइंभट, रिद्धपुरात येऊन राहिली. म्हाइंभटानं इथंच चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, ते लीळाचरित्र. गोविंदप्रभू वारल्यावर त्यांच्याही आठवणी त्यानंच गोळा केल्या. ती दुसरी पोथी, ऋद्धिपूरलीळा. मराठी गद्य म्हणतात ते इथून सुरू होतं. महदाइसेनं गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात जी गाणी रचली ते धवळे. मराठीतली पहिली ठाऊक असलेली कवयित्री ती. विधवा बाई, जिची सावलीही लग्नात नको असते, तिनं लग्नाची गाणी गायली. हे सगळं एका वऱ्हाडी खेड्यात झालं.

मराठीत का लिहायचं, यावरही तिथंच वाद झाला. पंडित शिष्यांना संस्कृतात लिहायची हौस होती. नागदेवानं अडवलं. संस्कृतात लिहिलं तर आपल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार कसं, असं त्याचं म्हणणं. मला हा युक्तिवाद पटतो. आपलं मासिक आपण कुणासाठी काढतो, हे अधूनमधून विचारून पाहावं.

ही ऋद्धिपूरलीळा वि. भि. कोलते यांनी संपादून १९४४ मध्ये छापली. हेच कोलते 'महात्मा रावण' लिहिणारे. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन बाईंनी तिचं इंग्रजी केलं, ते १९८४ मध्ये निघालं. कॉलेज मी पाहिलं नाही, तरी जुनी मराठी वाचताना वाटलं होतं तितकी जड गेली नाही. शहरात ज्या वऱ्हाडी बोलीला लोक हसतात ती या पोथीची नात लागते. दोन-चार पानं मोठ्यानं वाचा, आजीचा आवाज ऐकू येतो.

पण मी ती भक्तीसाठी वाचली नाही. त्या पोथीत एक अख्खं गाव पडलेलं आहे. देऊळ, मठ, बाजार, शाळा, घराघरातली चूल. आणि गावाच्या कडेला महारवाडा आणि मांगवाडा. तेराव्या शतकातला. लेखी. लिहिणारा ब्राह्मण. शत्रूनं लिहिलं असं कुणी म्हणू शकत नाही.

त्यात गावच्या प्रतिष्ठितांची एक तक्रार नोंदलेली आहे. हा राऊळ महारा-मांगांच्या घरात जातो आणि तसाच उठून दीक्षितांच्या घरात येतो. तवा शिवाशिव उरली कुठं? सगळं गाव बाटलं की! याचा अर्थ नीट पाहा. कोणाच्या उंबऱ्यावरून कोणाच्या उंबऱ्यावर जायचं नाही, हा नियम तेव्हा पक्का होता, सगळ्यांना पाठ होता, आणि तो मोडला तर गावाचे मोठे लोक एकत्र येऊन बोलत होते.

आजकाल एक थाप फार जोरात फिरते. व्हॉट्सअ‍ॅपवर येते, व्याख्यानांत येते, शिकलेलीही माणसं मान हलवतात. आपल्याकडे अस्पृश्यता नव्हतीच, ती परकीय आक्रमणानं आली. मुसलमान आले आणि समाज बिघडला. आता तारखा पाहा. अल्लाउद्दीन खिलजी एलिचपुरावरून देवगिरीवर चालून गेला तो १२९६ साली. गोविंदप्रभू त्याच्या आधी वारले. महारवाडा, मांगवाडा, विटाळ, वेगळं पाणी हे सगळं रिद्धपुरात त्याआधीच जागेवर होतं, मराठी राजाच्या राज्यात, मराठी भाषेच्या माहेरघरात. ही थाप कुणी तोंडावर मारली तर त्याला कोलत्यांनी छापलेली पोथी दाखवा. बाबासाहेबांचं पुस्तक दाखवलं तर तो म्हणेल तुमचंच आहे. ही पोथी त्यांचीच आहे.

आता विहीर. मांगवाड्याला पाणी नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं हात जोडावे, घोटभर मागावं. हे मागणं गोविंदप्रभूंच्या कानी गेलं. ते तिथं गेले, जागा दाखवली, तिथं खणलं, पाणी लागलं. लीळा संपली. चार-सहा ओळींची गोष्ट.

पोथी हिला देवाची करणी म्हणते. ती आपण बाजूला ठेवू. करणी बाजूला ठेवली तरी जे उरतं ते थोडं नाही. एका ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाला तेराव्या शतकात मांगवाड्याची तहान दिसली, हे मी नाकारत नाही. कुणी नाकारू नये. मात्र दोन गोष्टी त्याच ओळींत बसलेल्या आहेत. एक, त्यांनी मांगांना गावच्या विहिरीवर नेलं नाही. वेगळी विहीर झाली. तहान भागली, पण नियम जागेवरच राहिला. दुसरी, जागा दाखवणाऱ्याचं चरित्र झालं, त्याच्या पावलांच्या जागी स्थानं झाली, ओटे बांधले गेले. कुदळ मारणाऱ्यांची नावं त्यात नाहीत. तांब्यावरच्या चार घरांसारखंच.

आणि गावानं गोविंदप्रभूंना काय केलं? वेडा म्हटलं. माझ्या मते हीच त्या गावाची खरी हुशारी. शहाणा माणूस नियम मोडतो तेव्हा गावापुढं दोनच वाटा असतात: त्याला वाळीत टाकायचं किंवा नियम बदलायचा. वेडा म्हटलं की तिसरी वाट निघते. त्याला नमस्कारही करता येतो आणि नियमही पाळता येतो. वेड्यानं मोडलेला नियम मोडलेला धरत नाहीत. पुढं महानुभावांचीही फरफट झाली. चक्रधरांच्या भोवतीची पहिली मंडळी बहुतेक ब्राह्मणच होती. देवगिरी पडल्यावर ती पांगली, पोथ्या हरवल्या, आठवून पुन्हा लिहाव्या लागल्या, आणि चौदाव्या शतकात सांकेतिक लिपीत कोंडल्या गेल्या. म्हाताऱ्या बायांना कळावं म्हणून मराठीत लिहिलेलं, ते बाहेरच्या कुणालाच वाचता येईना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधली तेव्हा कुठं आत काय आहे ते जगाला कळलं.

मांगवाड्याला स्वतःच्या तोंडानं बोलायला १८५५ साल उजाडावं लागलं. पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयात छापून आला. चौदा वर्षांची पोर. तिनं निबंधाच्या नावातच मांग आणि महार दोघांना एकत्र धरलं, हे विसरू नका. त्याच्याकडे पुन्हा येतो.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तिथं कुणी जागा दाखवली नाही आणि कुणी वेगळं तळं मागितलं नाही. जे सगळ्यांचं आहे त्यातच ओंजळ घातली. या माणसांना वेडं म्हणायची सोय नव्हती. म्हणून मग लाठ्या पडल्या आणि १०८ घागरी शेण-गोमूत्र-दूध ओतून तळं शुद्ध केलं. रिद्धपूर आणि महाड यांच्यामधलं अंतर मला इथं दिसतं. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला बाबासाहेब अमरावतीला होते. अंबादेवीच्या देवळाच्या प्रश्नावर वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद होती, अध्यक्ष तेच. थोरले भाऊ बाळाराम आदल्या दिवशी मुंबईत वारले होते, ती बातमी त्यांना इथं कळली. तरी परिषदेचं काम पुरं केलं. म्हणजे आपला इतिहास महाडापासून असं म्हणणाऱ्या मित्राला मी एवढंच सांगतो, की महाडनंतर आठ महिन्यांत तो वऱ्हाडात पोचला होता, आणि त्याच्या पायाखालची जमीन पंधराशे वर्षांची होती.

ही जुनी गोष्ट आहे असं कुणी म्हणेल. २०१६ चा उन्हाळा आठवा. वाशीम जिल्ह्यात, जो १९९८ पर्यंत आपल्या अकोल्यातच होता, एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. तो माणूस उठला आणि त्यानं स्वतः खणायला घेतलं. मजुरी सांभाळून रोज खणायचा. लोक हसले, घरचेही म्हणाले याला वेड लागलं. पुन्हा तोच शब्द पाहा. चाळीस दिवसांनी पाणी लागलं. मग पेपरवाले आले, पुढारी आले, हार घालून गेले. त्याच्या जिद्दीचं कौतुक सगळ्यांनी केलं. ज्या विहिरीवरून त्याच्या बायकोला परत पाठवलं, तिच्याबद्दल फार कमी लोकांनी विचारलं. सातशे वर्षांत फरक एवढाच की यावेळी जागाही त्यानंच शोधली.

आता एक बोचणारं बोलतो. रिद्धपूरची ती विहीर मांगांची होती. पोथी वाचताना आपण महार शब्द शोधतो, तो दिसला की खूष होतो. बौद्ध झालो, विहार बांधले, १४ एप्रिलला मिरवणूक काढली. मांगवाडा त्या मिरवणुकीत किती आला? १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. तेव्हापासून आपल्या आणि मातंग पोरांच्या चर्चा कशा चालतात ते तुम्ही ऐकलंय. एक बाजू म्हणते तुम्ही सगळं खाल्लं, दुसरी म्हणते तुम्ही लढलेच नाही. उपवर्गीकरण चांगलं की वाईट हा वेगळा लेख होईल, मी इथं त्यात पडत नाही. पण ज्यांच्याशी आपण भांडतो आहोत त्यांच्या पाण्याची नोंद सातशे वर्षांपूर्वीच्या पोथीत आहे, आणि बाजूलाच महारवाडाही होता. मला प्रश्न पडतो. मांगवाडा वाटसरूपुढं हात जोडत होता तेव्हा महारवाड्यात पाणी होतं काय? असेल तर त्यांनी दिलं काय? पोथी यावर गप्प आहे.

विद्यापीठाचं काय, असं दुसऱ्या मित्राचं म्हणणं होतं. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ काढायचा कायदा २०२३ मध्ये झाला, २०२४ मध्ये पहिले कुलगुरू नेमले गेले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता तिथं भाषणं होतील, लीळाचरित्राच्या थोरवीवर परिसंवाद होतील, शाली वाटल्या जातील. होऊ द्या. पण तिथं जो पोरगा शिकायला जाईल त्याला ऋद्धिपूरलीळेतला मांगवाडा शिकवला जाईल की फक्त भक्ती शिकवली जाईल? ताम्रपटातली राणी शिकवतील की ती चार घरंही? हे विचारायला आपल्यातलं कुणी वर्गात बसलेलं नसेल तर कोण विचारेल? तवा नोकरी लागो न लागो, चार पोरांनी तिथं नाव घातलं पाहिजे. गावानं आपल्याला शिवेबाहेर ठेवलं, ते ठेवणं लिहिलेले कागदही बाहेरूनच पाहायचे काय?

तोवर आपल्या हातचं काम आपण करू शकतो. पुढच्या अंकासाठी प्रत्येकानं आपल्या गावाच्या विहिरी लिहून पाठवाव्या. किती होत्या, कुणी खणल्या, कुणाच्या जमिनीत होत्या, कोण भरायचं, कोण ओतून घ्यायचं, नळ कधी आला, नळ आधी कोणत्या वस्तीत आला. बुजलेल्याही लिहा. म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारा. लिहिताना खणणाऱ्यांची नावं मिळाली तर ती आधी लिहा. मी माझ्या आजीच्या गावापासून सुरुवात केली. तीन विहिरी झाल्या. पाटलाची, गावाची, महारवाड्याची. मग मी विचारलं, "मांग कुठून भरत व्हते?" आजी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्याच हिरीवरून. पन दोर आपल्याच हातात राहे. त्यायले वरून ओतून देत व्हतो आपुन."